शेपटीतली बातमी

तिला सगळे कात्री म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण वर्तमानपत्राच्या कचेरीत लागली आणि वर्षाच्या आत ते मागे पडलं. पुढे पुढे तर नवराही कचेरीत फोन करून "कात्री आहे का हो जागेवर?" असं विचारायला लागला. काम होतं पानं लावण्याचं. म्हणजे बातमीदार लिहिणार, उपसंपादक मथळा देणार, जाहिरातवाले ऐन वेळी धावत येऊन पाव पान मागणार, आणि या सगळ्यांची भांडणं एका पानात बसवून ते पान देखणं करणार ती. बातमी लांब झाली की ती खालून कापायची. विचारणं नाही, सांगणं नाही. बातमीदार तोंड वाकडं करून यायचे.

"अगं बाई, शेवटच्या परिच्छेदात माझा जीव होता."

"जीव होता तर वर लिहायचा," ती मान वर न करता म्हणायची. "खाली शेपटी असते. शेपटी तुटली म्हणून पाल मरत नाही."

आणि खोटं कशाला बोला, बातमीचा धंदा आहेच तसा. काय झालं, कुठे झालं, कोणाला झालं, हे सगळं बातमीच्या डोक्यात, म्हणजे अगदी वर. मग तपशील. मग कोण काय म्हणालं ते. आणि अगदी शेवटी 'या प्रसंगी अनेक मान्यवर उपस्थित होते'. आता मान्यवर कापले तर मान्यवरांखेरीज कोणाचं काय बिघडतं? इतकी वर्षं तिने मान्यवर कापले आणि तिची पानं शहरात नावाजली गेली.

कॉलेजात उपयोजित कला शिकलेली तिच्या बरोबरची मंडळी कुठल्या कुठे गेली होती. एक मैत्रीण साबणाच्या आणि बिस्किटांच्या वेष्टनांत शिरली. दुकानात गेली की ही बाई खरेदी करायची सोडून फळीवरचे पुडे सरळ करत बसायची. एकजण कंपन्यांची बोधचिन्हं करायचा आणि एका गोलावर तासभर बोलायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, पृथ्वी यानेच वळली. एकजण कार्टूनच्या हलत्या चित्रांत गेला. एक अक्षरं घडवणारा होता, तो वर्षानुवर्षं एकाच वर्णमालेशी झटत होता आणि त्याला त्यातल्या 'ळ'ने पार छळलं होतं. एकीने पुस्तकांची मुखपृष्ठं धरली. बाकीचे बहुतेक मोबाइलच्या पडद्यांमागे लागले. कात्री मात्र पानाला चिकटून राहिली. कोणी विचारलं, "तू कशातली?" तर ती म्हणायची, "वर्तमानपत्रातली." तिच्या लेखी तेवढं पुरे होतं.

मग एके दिवशी मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की छापील अंक बंद. बातम्या आता फोनवरच वाचल्या जातील, तिथे पान लावावं लागत नाही, आपोआप लागतं. कात्रीने टेबलाचा खण रिकामा केला आणि घरी आली. वय शेहेचाळीस. हातात अशी कला, जिला आता जागाच उरली नाही. चार दिवस ती स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावत बसली. नवरा शाळेत गणित शिकवायचा, तो शहाणा माणूस, एक शब्द बोलला नाही. मुलगी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती शाळा संपवून आईच्याच कॉलेजात जायचं म्हणत होती, आणि फोनवर त्यातल्या शाखा वाचून दाखवायची.

"वेष्टनं, ब्रँड, अ‍ॅनिमेशन, मोबाइलचे पडदे, पुस्तकं, खेळ. आई, यातल्या कशाला मरण नाही?"

"आधी मला माझं मरण निस्तरू दे," कात्री म्हणाली. पण तो प्रश्न तिच्या मनात घर करून बसला. पोरीला 'ये' म्हणायचं कुठल्या तोंडाने, जर आपणच दाराबाहेर उभ्या?

दार उघडलं ते एका लहानशा डिझाइन ऑफिसचं. पानसुपारीच्या टपरीएवढी जागा असेल असं तिला वाटलं होतं, पण तिसऱ्या मजल्यावर चांगली उजेडाची खोली होती, चार टेबलं, भिंतभर रंगांच्या पट्ट्या. मालकीण तिशीतली. कात्री तिला मॅडम म्हणायची आणि ती कात्रीला ताई म्हणायची, आणि दोघींनाही आपापल्या जागी अवघडल्यासारखं व्हायचं. मॅडमने पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं होतं, "ताई, हातात एका हॉस्पिटलचं काम आलंय. ते तुम्ही करा. ते पार पडलं तर तुम्ही कायमच्या. नाही पडलं तर मला तुम्हाला ठेवणं जमायचं नाही. आत्ताच सांगितलेलं बरं."

"बरंच," कात्री म्हणाली. गोड बोलून गळा कापणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती, त्यामुळे तिला ही पोर आवडली.

हॉस्पिटलचं पहिलं काम अगदी साधं होतं. पोटाची सोनोग्राफी किंवा रक्ततपासणी करायला येणाऱ्या माणसाला आधी, वेळ ठरवतानाच, हातात द्यायचा एक कागद. घडी घातली की खिशात मावेल एवढा. मजकूर हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी लिहून पाठवला होता आणि तो चांगला लांबलचक होता. सुरुवातीला इमारतीचा फोटो. मग स्वागत. मग हॉस्पिटल कसं उभं राहिलं. मग नवीन यंत्र कसं परदेशातून आलं. मग तपासणी म्हणजे काय. आणि शेवटी एक परिच्छेद, ज्याची सुरुवात होती, 'रुग्णांच्या सोयीसाठी आमचे सर्व कर्मचारी सदैव तत्पर असून…'

कात्रीने कागद लावायला घेतला. फोटो सुरेख बसला, अक्षरं ठसठशीत झाली, समास असा मोकळा की बघत राहावं. फक्त शेवटच्या काही ओळी खाली उतू जात होत्या. तिने त्या परिच्छेदाची पहिली ओळ वाचली. सदैव तत्पर. म्हणजे मान्यवरच हे, दुसरं कोण? हात आपणहून गेला आणि तो परिच्छेद उडाला. जित्याची खोड, दुसरं काय.

मॅडमला कागद बेहद्द आवडला. व्यवस्थापकांनी फोटो पाहिला, स्वागत दोनदा वाचलं आणि 'उत्तम' असं लिहून पाठवलं. छापून गठ्ठे गेले. कात्रीने त्या संध्याकाळी घरी येऊन मुलीला सांगितलं, "काही मरत नाही गं. पान ते पानच." नवऱ्याने न मागता चहा केला.

पुढच्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला. तपासणीच्या काउंटरवरची नर्स होती. "तुमच्यात सगळ्यात हुशार कोण?" तिने विचारलं. "ज्याने हा कागद केला, त्याला फोन द्या."

कात्रीने फोन घेतला. नर्सने पुढे काहीही न सांगता फक्त म्हटलं, "सकाळी या. इथे माझ्याजवळ उभ्या राहा."

सकाळी कात्री आणि मॅडम दोघी गेल्या. काउंटरसमोर रांग होती. नर्स उंच, आवाज खणखणीत, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न.

"पोटात काय आहे?"

"चहा."

"उद्या या. पुढे. पोटात काय आहे?"

"भात खाल्लाय थोडा. थोडाच."

"उद्या या. थोडा भात पोटाला थोडा वाटत नाही."

कात्रीच्या पायाखालची वाळू सरकली. तिने पिशवीतून व्यवस्थापकांचा मूळ मजकूर काढला आणि शेवटचा परिच्छेद पहिल्यांदाच पुरता वाचला. कर्मचारी सदैव तत्पर असून, रुग्णांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती, तसेच तपासणीच्या आधी रात्रीपासून काहीही खाऊ नये. सगळ्या कागदाचा जीव तिथे, त्या नम्र विनंतीच्या पाठीमागे दडून बसला होता. आणि तो तिने उडवला होता.

रांगेत एक थकलेले गृहस्थ होते, सोबत त्यांची मुलगी. मुलगी कपड्यांच्या दुकानात काम करायची, रजा मिळवायला तिला हातापाया पडावं लागलं होतं. वडिलांनी दूध-बिस्किटं खाल्ली होती. मुलीनेच आग्रहाने दिली होती, एवढ्या लांब रिकाम्या पोटी कसं न्यायचं म्हणून. नर्सने 'उद्या या' म्हटल्यावर मुलगी रडकुंडीला आली.

"मी हा कागद दोनदा वाचलाय," ती म्हणाली. "कुठे लिहिलंय दाखवा. माझं स्वागत केलंय एवढंच मला कळलं."

मॅडम काही बोलायच्या आत कात्री पुढे झाली. "चूक माझी आहे. ते वाक्य होतं. मी काढलं. जागेत बसत नव्हतं."

मुलीने कागदाकडे पाहिलं, मग कात्रीकडे. "आणि ही एवढी मोठी इमारत बसली?"

 कात्रीला इतकी लाज वाटली की कपाळ तापलं. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी छापत. इथे चूक समोर उभी होती आणि वडिलांना हाताला धरून बाहेर नेत होती. नर्सला मात्र दया आली. तिने त्या दोघांना परत बोलावून दुपारची वेळ दिली आणि वडिलांना आता काही खाऊ नका म्हणून दम भरला.

व्यवस्थापकांनी त्याच दिवशी दोघींना केबिनमध्ये घेतलं. ते चिडलेले होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. 'उत्तम' त्यांनीच लिहून पाठवलं होतं, पण ते सोयीस्करपणे विसरले. माणसाचं असंच असतं, चांगलं झालं ते आपलं, वाईट झालं ते छापखान्याचं. "दुसरं ऑफिस बघावं का आम्ही?" त्यांनी विचारलं. मॅडमने एक संधी मागितली. जिना उतरताना ती म्हणाली, "ताई, यापुढे मला तुमच्यासाठी बोलता येणार नाही. मी जेवढं बोलायचं तेवढं बोलले."

"कळलं," कात्री म्हणाली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "मग आता ते वाक्य परत घाल. झालं."

"तेवढ्याने नाही होत. कुठे घालू? खाली घातलं तरी कोण वाचतंय?"

"ते मला विचारू नकोस. मला उत्तर शेवटी लिहायची सवय आहे."

तो थट्टेत बोलून गेला, पण कात्री सुपारीएवढी गोष्ट घेऊन रात्रभर चघळणारी बाई. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला न जाता हॉस्पिटलात जाऊन बसली. त्याच्या पुढच्या दिवशीही. मॅडमने विचारलं तर म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणून हे झालं. आता खाली उतरून बघते."

बघितल्यावर कळलं कुठे घोडं पेंड खातंय ते. माणसं कागद घ्यायची ती उभ्याउभ्या. एका हातात फाइल, दुसरा हात आजाऱ्याच्या काखेत. नजर कागदावर पडायची, वरच्या ओळीवर थांबायची, आणि कागद घडी होऊन खिशात. कोणी घाबरलेलं, कोणी चष्मा विसरलेलं, कोणाला बस गाठायची. इतकी वर्षं ती अशा वाचकासाठी पान लावत होती, जो सकाळी खुर्चीत बसून चहा पीत वाचतो. हा वाचक निराळा होता. आणि लिहिणारेही निराळे. बातमीदार जीव बातमीच्या डोक्यात ठेवतो, हे तिला माहीत होतं. बाकीचं जग मात्र आधी नमस्कार करतं, मग घराण्याची माहिती सांगतं, आणि कामाचं बोलतं ते निघताना, दारात चपला घालताना. म्हणजे कात्री चुकीची नव्हती. कात्री उलट्या बाजूने चालवायला हवी होती.

मग तिने नर्सला धरलं. लोक काय काय विचारतात? पाणी चालतं का? रोजच्या गोळ्यांचं काय? लहान मूल असेल तर? नर्स आधी वैतागली, मग बोलायला लागली, आणि मग थांबेना. कात्रीने तिचा शब्द न् शब्द उतरवून घेतला आणि डॉक्टरांकडून एकेक ओळ तपासून घेतली. नवा कागद तयार झाला तेव्हा त्यावर सगळ्यात वर, दूरवरून दिसेल अशा अक्षरांत, 'उपाशीपोटी या' एवढंच होतं. त्याखाली कधीपासून खायचं नाही ते. मग पाण्याचं. मग 'रोजच्या गोळ्या घ्यायच्या की नाही ते आधी फोन करून विचारा', आणि फोनचा आकडा. बस. इमारत नाही, यंत्र नाही, कोणी सदैव तत्पर नाही.

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. "माझं स्वागत कुठे आहे?"

"मागच्या बाजूला, साहेब. अख्खं आहे. एक ओळ कापलेली नाही."

"मागे कोण वाचणार? मी दोन रविवार बसून लिहिलंय ते."

असली तोंडं कात्रीने जन्मभर पाहिली होती. पूर्वी तिने सरळ 'शेपटी' म्हणून तोडून टाकलं असतं. पण या खेपेला तिला त्या माणसाचं वाईट वाटलं. दोन रविवार म्हणजे काही थोडं नाही.

"जो तपासणी होऊन निवांत बाकावर बसेल, तो वाचेल," ती म्हणाली. "तेव्हा त्याला यंत्राचं कौतुकही वाटेल. आत येताना माणूस घाबरलेला असतो, साहेब. घाबरलेल्याला आधी एकच गोष्ट सांगायची. तुमच्या घरच्या कोणाला इथे आणलं असतंत, तर तुम्ही आधी काय विचारलं असतंत?"

व्यवस्थापकांनी कागद उलटसुलट केला. "ठीक आहे. लावा. पण हा कागद घेऊन आलेला एक जरी माणूस म्हणाला की मला कळलं नाही, तर आपला संबंध संपला."

मॅडमने कात्रीकडे पाहिलं. कात्रीने मान हलवली. हो म्हणण्यावाचून दुसरा रस्ता कुठे होता?

नवे कागद वाटले गेले आणि ते घेतलेली माणसं तपासणीला यायची सकाळ उजाडली. कात्री कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती, शेजारी मॅडम. व्यवस्थापक काही कामानिमित्त म्हणून तिथेच घुटमळत होते. नर्सने पहिल्या माणसाला हाक मारली.

"पोटात काय आहे?"

"काही नाही."

"पुढे. पोटात काय आहे?"

"पाणी. चालतं ना? लिहिलंय तुम्हीच."

"चालतं. पुढे."

कात्रीला बसवेना. एक जोडपं काउंटरला आलं. नर्सचा प्रश्न झाला आणि पुरुष म्हणाला, "ब्रेड खाल्लाय मी, चांगला लोणी लावून." व्यवस्थापकांनी वळून पाहिलं. कात्रीने डोळे मिटले. संपलं, तिला वाटलं. पोरीला आज घरी जाऊन काय सांगायचं?

"अहो, तपासणी माझी आहे," बायको नवऱ्याला ढोसत म्हणाली. "आणि माझ्यासमोर बसून खाल्लाय यांनी. मला पाणी फक्त."

रांग हसली. कात्रीचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर रांग सरकत राहिली, आणि 'उद्या या' हे शब्द त्या सकाळी कोणाच्याच कानावर पडले नाहीत. आत बाकं भरली, बाकं संपली, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मग नर्स खुर्ची मागे सारून उठली आणि तरातरा कोपऱ्याकडे आली.

"बघा काय करून ठेवलंय तुम्ही," ती कात्रीला म्हणाली. "रोज कितीतरी लोक परत जायचे, म्हणून मला श्वास घ्यायला मिळायचा. आज झाडून सगळे उपाशी आलेत. उपाशी माणूस किती चिडका असतो माहीत आहे का? माझा नंबर कधी, आधी तो का, किती वेळ लागेल, सगळे मलाच. मी एकटी कोणाकोणाला सांगू?" तिने मागच्या कोऱ्या भिंतीवर थाप मारली. "इथे काहीतरी लावा. या लोकांना कळेल असं."

"मजकूर मी लिहून देतो," व्यवस्थापक लगबगीने पुढे झाले.

"तुम्ही नको," नर्स म्हणाली. "यांनाच करू द्या."

व्यवस्थापकांनी घसा साफ केला, भिंतीकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं. "करा," ते मॅडमला म्हणाले. "यांनाच करू द्या."

मॅडम कात्रीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "काय ताई, घ्यायचं का आपण हे काम?"

तिने 'आपण' म्हटलं, आणि कात्रीला त्याचा फार आनंद झाला. मग तिने पिशवीतून कागद-पेन काढलं आणि बाकावरच्या सगळ्यात चिडलेल्या माणसापाशी गेली. त्याला जरा सरकायला सांगून ती शेजारी बसली.

"तुम्हाला आत्ता सगळ्यात आधी काय कळायला हवंय?" तिने विचारलं.

"जेवायला कधी मिळेल ते," तो म्हणाला.

कात्रीने ते सगळ्यात वर लिहून घेतलं.